चोवीस डब्यांतली कुसळी

आमच्या कॉलनीतल्या बायका आईला विचारायच्या, "एवढं शिकून पोरगी करते तरी काय?" आई दळण निवडत असली तर मानही वर न करता सांगायची, "गवत मोजते."

आई काही खोटं सांगत नव्हती. ऐंशीच्या आगेमागे एम.एस्सी. होऊन मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात संशोधनाला लागले होते, आणि दिवसभराचं काम खरोखरच गवत मोजण्याचं होतं. फुटवे किती, पानं किती, कणीस कधी डोकावलं, बी कधी झडलं. आम्ही राहायचो नाशिक रोडला, प्रेसच्या क्वार्टरमध्ये. वडील प्रेसमध्ये मशिनवर कामाला होते. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. आमच्या भावकीत पदवीच्या पुढे गेलेली मी पहिली, त्यामुळे मी डॉक्टर झालेच, असं दादांनी धरून टाकलं होतं. शेजारी विचारायचे, "कसली डॉक्टर हो?" दादा छाती काढून म्हणायचे, "गवताची." लोक हसायचे आणि मी चिडायचे. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. आताही तो फार खाली उतरला आहे असं नाही.

शिष्यवृत्ती होती दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, नोव्हेंबर सरता सरता, पुण्याहून तिघांची समिती येणार होती. तिला काम पसंत पडलं तर तिसरं वर्ष मिळणार आणि पीएच.डी. पक्की. नाही पडलं तर वही मिटायची आणि कुठल्या तरी शाळेत फळ्यावर बेडकाची पचनसंस्था काढत बसायचं. पहिलं वर्ष तर नुसतं रोपं जगवण्यातच गेलं होतं. म्हणजे जे काय दाखवायचं ते एकाच पावसाळ्यात.

मूळ प्रश्न आमच्या सरांचा. सर लहानखुरे, जुन्या स्कूटरवरून यायचे आणि तोंडात कायम लवंग. बहात्तरच्या दुष्काळानंतर सिन्नरच्या पलीकडच्या एका गावानं आपल्या उघड्या गायरानावर पेठच्या डोंगरातलं कुसळीचं बी आणून टाकलं होतं. कुसळी म्हणजे तेच गवत, ज्याची टोकदार कुसळं साडीच्या काठात आणि मोज्यांत रुतून घरापर्यंत येतात. कोवळं असताना गुरं आवडीनं खातात. तर ते बी उगवलं झकास. गवत गुडघ्याला लागलं, गाव खूश. आणि दोन वर्षांनी बघावं तर टेकडी परत उघडी. शेजारच्या बांधावर मात्र तिथलीच गावठी कुसळी मजेत उभी.

"जात एकच," सर म्हणाले, "मग हे जगतं आणि ते का मरतं?"

सरांनी लवंग दुसऱ्या गालात सारली. "मला वाटतं, भानगड फुलायच्या वेळेची आहे. पेठला पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो. सिन्नरला तो कधी आटोपेल सांगता येत नाही. फुलायला उशीर झाला की बी नाही, बी नाही की पुढचं वर्ष नाही. पण फुलायची वेळ ठरवतं कोण? गवत, का पाऊस? पाऊसमान आता असंच मागेपुढे होत राहिलं, तर कोणतं गवत टिकणार?"

अंगावर काटा आला माझ्या. आजवर मी परीक्षेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहीत आले होते. ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाही माहीत नाही, असा हा पहिलाच प्रश्न. त्या दिवशी घरी जाताना मी बसमध्ये उभी होते की बसले होते, हेसुद्धा आठवत नाही.

मग आम्ही एस.टी.नं पेठच्या घाटात गेलो आणि बारा ठोंब मुळासकट उपटून आणले. सिन्नरच्या पलीकडून बारा आणले. तिथं गुरं राखणारी एक म्हातारी आमच्याकडे बघत उभी होती. गवत चोरायला शहरातून माणसं आली, याचंच तिला हसू येत होतं. मी विचारलं, "आजी, हे कसं आहे गवत?"

"लय आगाऊ हाय," ती म्हणाली. "एक सर पडली ना, तरी कुसळं टाकून मोकळं व्हतं. कुणाची वाट नाय बघत."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरून गेले. शिकलेल्या माणसांना ही खोड असतेच.

प्रत्येक ठोंबाचे आम्ही दोन भाग केले. एक भाग कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत लावला आणि दुसरा आमच्या क्वार्टरच्या अंगणात, तेलाच्या रिकाम्या डब्यांत. सरांचं म्हणणं, एकाच जागी पाहिलेलं खरं धरायचं नाही. पत्र्याच्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली दादांनी. पेठच्या डब्यांवर निळा ठिपका आणि सिन्नरच्या डब्यांवर लाल ठिपका दिला मी. भिंतीकडेनं चोवीस डबे ओळीनं लागले आणि आईची धुणं वाळत घालायची जागा गेली. ती म्हणाली, "लोकांच्या अंगणात जाई-जुई असते, माझ्या अंगणात गुरांचा चारा."

सरांची एक पद्धत होती. प्रयोग सुरू होण्याआधी काय होईल असं वाटतं ते वहीच्या पहिल्या पानावर शाईनं लिहायचं, खाली सही करायची, आणि नंतर त्यात खाडाखोड नाही. "माणूस मागाहून फार शहाणा होतो," ते म्हणायचे, "म्हणून आधीचा मूर्खपणा जपून ठेवायचा." मी ठसक्यात लिहिलं, की फुलायची तारीख ठोंबाच्या अंगातच असते. कुठंही लावा, लाल ठिपक्याचं गवत आपल्या तारखेला फुलेल आणि निळ्या ठिपक्याचं आपल्या तारखेला, दोन्ही जागी एकाच सुमाराला. सही केली, वर तारीखही घातली.

श्रावण संपता संपता कॉलेजमधल्या सिन्नरच्या एका ठोंबातून कणीस डोकावलं. मी त्या दिवशी प्रयोगशाळेच्या पायऱ्या दोन-दोन करत चढले. घरी आले तर तिथंही लाल ठिपक्याच्या तीन डब्यांत कणसं! आठवड्याभरात सिन्नरची दोन्हीकडची मिळून चोवीसच्या चोवीस अर्धुकं फुलली. एवढीशी बुटकी ती रोपं, पण कानामागून आली आणि तिखट झाली. मी आईला धरून अंगणात गिरकी घेतली. आई म्हणाली, "सोड गं, हाताला पीठ आहे."

ऑक्टोबर लागला आणि कॉलेजमधले पेठचे ठोंब एकामागून एक फुलले. दहा दिवसांत बाराच्या बारा. मी घरी येऊन निळे डबे बघितले. नुसती पानं. हिरवीगार, तजेलदार, आणि एकाही काडीत कणसाचा पत्ता नाही.

दोन दिवस, चार दिवस, दहा दिवस. दसरा झाला. पौर्णिमा झाली. एकाच ठोंबाचा अर्धा भाग गंगापूर रोडला फुलून झडायला आला होता, आणि उरलेला अर्धा नाशिक रोडला ढिम्म. माझं पहिलं पान वहीत मला वाकुल्या दाखवत होतं. समितीला दीड महिना राहिला होता.

मग मी ज्याच्या त्याच्यावर घसरले. आई कपडे धुतलेलं साबणाचं पाणी डब्यांत ओतते, असा आरोप केला. तिनं तीन दिवस अबोला धरला. शेजारच्या कोंबड्यांवर संशय घेतला. माती चाळून बघितली, पाणी मापानं घातलं, ऊन किती तास पडतं ते घड्याळ लावून मोजलं. सर स्कूटरवरून नाशिक रोडला आले, डब्यांपुढे उकिडवे बसले. ऊन, पाणी, माती सगळं सारखं. "विचित्र आहे," एवढंच म्हणून चहा पिऊन गेले. सर आले ते दिवसा, मीही बघायचे ते दिवसा. निरीक्षणासाठी पहाटे उठायचं म्हणून मी नऊलाच मागच्या खोलीत आडवी व्हायचे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. सकाळी मी जेवणाचा डबा भरून निघाले होते. दादांना त्या वर्षी दुसरी पाळी होती, दुपारी चार ते रात्री बारा; ते उशिरा उठून ओट्यावर दात घासत बसले होते. मला म्हणाले, "त्या निळ्या ठिपक्यावाल्यात एक अळी लागली व्हती. काढून टाकली मी रात्री. कडेच्या डब्यात व्हती."

"रात्री? अंधारात अळी कशी दिसली तुम्हाला?"

"अंधारात कशाला? दिवा लावतो ना रोज. पाळीवरनं आलो की तुमची झोप नको मोडायला म्हणून मी अंगणातच जेवतो. जेवण झालं की बघतो एकेक डबा."

मी वर बघितलं. डब्यांच्या बरोबर डोक्यावर, भिंतीला, शंभरचा बल्ब. तो तिथं कायमचाच होता.

बी.एस्सी.च्या पोरांना मी स्वतः शिकवत होते, की काही वनस्पती दिवस मोजत नाहीत, रात्र मोजतात. रात्र पुरेशी लांब झाली की त्या फुलतात. अशा लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ जरी उजेड पाडला, तरी त्यांच्या हिशेबी रात्र तुटते, लांब एक न राहता आखूड दोन होतात, आणि त्या फुलत नाहीत. हे मी फळ्यावर खडूनं काढून दाखवायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण हे शहाणपण आता सुचतंय. तेव्हा सुचला तो नुसता संताप.

"दादा, तुम्ही माझं वर्ष बुडवलंत!" मी ओरडले. "रोज दिवा? रोज? कोणी सांगितलं होतं तुम्हाला बघायला? सगळं माझं वाटोळं केलंत!"

आजूबाजूच्या ओट्यांवरच्या बायका बाहेर आल्या. दादांनी चूळ भरली, घरातून स्टूल आणलं, त्यावर चढून बल्ब काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि फडताळात ठेवून दिला. मी पाय आपटत बसस्टॉपवर गेले.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, तरी माझं डोकं तापलेलंच. मनात समितीपुढे सांगायची कारणं जुळवत होते. दिव्यामुळे घरचे डबे वाया गेले, ते मोजणीतून वगळले. किती वाया गेले? चोवीस. नाही, बारा. फक्त निळे. लाल तर फुलले होते की.

बस द्वारकेच्या चौकात थांबली होती. लाल तर फुलले होते! त्याच दिव्याखाली, त्याच भिंतीशी, आणि कॉलेजमधल्या अर्धुकांच्याच आठवड्यात. दादांनी रोज त्यांची रात्रही मोडली होती आणि त्यांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. मी उठून उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "ताई, सीबीएस स्टँड लांब आहे अजून." मी तशीच उभी राहिले. बसून राहणं शक्यच नव्हतं.

प्रयोगशाळेत शिरले तेव्हा सर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांच्या तोंडातली लवंग खाली पडली.

"परत सांग," ते म्हणाले.

मी परत सांगितलं. त्यांनी खडू घेतला, फळ्यावर दोन रेघा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. मग आम्ही दोघंही एकाच वेळी बोलायला लागलो. पेठची कुसळी रात्रीचा हिशेब बघून फुलते. तिला घाई नाही, कारण तिच्या डोंगरात दसऱ्यापर्यंत ओल असते. सिन्नरची कुसळी रात्रीला विचारतच नाही. पाऊस मिळाला की वाढायचं, फुलायचं, बी टाकायचं आणि मोकळं व्हायचं. पेठची आणून सिन्नरला टाकली तर ती बिचारी रात्र लांब व्हायची वाट बघत बसणार, आणि तोवर जमीन कोरडी ठक्क! म्हणून टेकडी उघडी पडली! सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "वाट बघणारं गवत आणि वाट न बघणारं गवत!" आणि मला एकदम ती गुरं राखणारी म्हातारी आठवली. वहीत पान शोधून मी तिचं वाक्य सरांना वाचून दाखवलं. आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या रसायनशास्त्राच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेलं. असा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. पास झाल्याचा, पहिला नंबर आल्याचा, कसलाच नाही.

चहा आला आणि सर गंभीर झाले. "ही गोष्ट झाली, पुरावा नाही," ते म्हणाले. "दिवा किती वाजता लागायचा, किती वेळ, रोज की अधूनमधून, तुझ्याकडे एका अक्षराची नोंद नाही. समितीत एक गृहस्थ आहेत, ते याच्या चिंध्या करतील."

"मग?"

"आज बल्ब काढला म्हणालीस ना? मग दिव्याचंच कारण असेल तर घरचे निळे डबे आता फुलायला हवेत. चारेक आठवड्यांत. थंडी फार पडली नाही तर."

समितीलाही चारच आठवडे होते.

संध्याकाळी घरी आले तर दादा पाळीवर गेलेले. आईला मी सगळं उत्साहानं सांगायला लागले. ती शांतपणे भाकरी थापत होती. म्हणाली, "त्यांना सलग दुसरी पाळी का, हे कधी विचारलंस?"

"नाही. लागली असेल."

"लागत नसते सलग. मागून घेतली त्यांनी, आषाढापासून. एकाशी अदलाबदल केली. सकाळी तू जातेस, मी नळावर, बाजारात. गल्लीतल्या बकऱ्या आत शिरतात. एकदा एक डबा खाल्लासुद्धा अर्धा, तुला कळू दिलं नाही. दिवसा कोणीतरी घरी पाहिजे म्हणून ते दुसऱ्या पाळीला जातात."

मी न जेवताच उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादांना सांगितलं, की दिव्यानं नुकसान झालं नाही, उलट फायदाच झाला. पण मी ते असं भरभर, रात्रीच्या लांबीचे आकडे सांगत सांगितलं, की त्यांना वाटलं, पोरगी आपली समजूत काढतेय. "बरं बरं," म्हणाले. माफी मात्र मी मागितली नाही. आमच्या घरात माफी मागायची रीतच नव्हती. फार तर ताटात आणखी एक भाकरी पडायची. शिवाय आमच्या वेळा अशा, की मी जागी तेव्हा ते झोपलेले आणि ते आले की मी झोपलेली. त्या दिवसापासून ते अंगणात अंधारातच जेवायला लागले, हे मला आईकडून कळलं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. रोज पहाटे मी निळ्या डब्यांतली एकेक काडी दोन बोटांत धरून चाचपायचे. कणीस बाहेर पडण्याआधी काडीच्या पोटात फुगवटा येतो. शेतकरी त्याला पोटरी म्हणतात. पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा काही नाही. तिसऱ्या आठवड्यात थंडी पडली आणि माझा धीर सुटला. सर रोज विचारायचे, "पोटरी?" मी मान हलवायचे. चौथ्या आठवड्यात दोन डब्यांत काड्या जरा जाड लागल्या. की माझ्या बोटांनाच तसं वाटत होतं? दादाही म्हणे दिवसा काड्या चाचपायचे. त्यांची उमेदीची वर्षं गावी शेतात गेली होती, पोटरी त्यांना माझ्यापेक्षा चांगली कळत असणार. पण मी विचारलं नाही आणि ते आपणहून बोलले नाहीत. गवताच्या बाबतीत त्यांनी माझ्यासमोर तोंड उघडणंच बंद केलं होतं.

समितीच्या दिवशी पहाटे मी टॉर्च न लावता, नुसत्या बोटांनी डबे चाचपले. जाड होत्या काड्या, पण कणीस नव्हतं. नवी साडी नेसले आणि सातच्या बसनं गेले.

अकराला समिती बसली. दोघं जण मवाळ होते. तिसरे गृहस्थ उंच, जाड भिंगाचा चष्मा, पांढराशुभ्र बुशशर्ट. त्यांनी आधी माझ्या वहीचं पहिलं पान वाचलं.

"हे तुम्ही लिहिलेलं?"

"हो."

"हे चुकलं."

"अर्धं चुकलं," मी म्हणाले. सरांनी माझ्याकडे डोळे वटारले.

मग मी दिव्याची सगळी हकीकत सांगितली. ती प्रयोगात ठरवून केलेली नव्हती, घडली, हेही सांगितलं. सरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, की ठरवून केलं असं म्हणायचा मोह होईल, पण म्हणायचं नाही. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला.

"दिवा किती वाजता लागायचा?"

"मध्यरात्रीच्या सुमाराला."

"सुमाराला. किती वेळ?"

"नक्की सांगता येणार नाही."

"रोज?"

"रोज असावा."

"असावा," ते म्हणाले. "बाई, तुमचा तर्क मला आवडला. पण मी तर्काला आणखी एक वर्ष कसं देऊ? बल्ब काढल्यावर ते डबे फुलले का?"

"अजून नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात दारात गडबड झाली. शिपाई कोणाला तरी अडवत होता, "अहो, मीटिंग चालू आहे," आणि त्याच्या खांद्यावरून मला दादा दिसले. अंगावर कामाचे कपडे, कारण इथून ते परस्पर पाळीवर जाणार होते. खांद्यावर गोणपाटात बांधलेला तेलाचा डबा. कॉलेजच्या आवारात ते त्याआधी कधी आले नव्हते. मला तिथं बसल्या जागी घाम फुटला.

दादांनी शिपायाला बाजूला सारलं, आत आले आणि डबा अलगद टेबलावर ठेवला. हात जोडले.

"नमस्कार साहेब. मी हिचा बाप. दिवा मीच लावायचो. पोरीचा काय बी दोष नाय, तिला तर ठावं पण नव्हतं. माझ्या पायी तिचं वर्ष बुडवू नका. एवढंच सांगायला आलो."

आणि ते जायला वळले. त्यांना वाटत होतं, काम संपलं.

पण तोपर्यंत ते उंच गृहस्थ खुर्चीवरून उठले होते. त्यांनी गोणपाट बाजूला केलं. निळा ठिपका. मधल्या काडीच्या वरच्या पानाच्या वेष्टनातून नखाएवढं कणीस बाहेर आलं होतं, हिरवं, ओलसर, कुसळं अजून मऊ. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि डब्यावर वाकले. सर उठले, दुसरे दोघं उठले, मी उठले. टेबलाभोवती सगळी डोकी एकत्र आली. माझे डोळे भरून आले होते, म्हणून मला कणीस धड दिसतही नव्हतं.

"हे कधी आलं?" गृहस्थांनी वाकूनच विचारलं.

"आज सकाळी," दादा दारातून म्हणाले. "नऊला बघितलं तेव्हा नव्हतं. दहाला व्हतं. मंग तसाच बसमंदी बसलो, मांडीवर घेऊन."

"इकडे या, बसा." त्यांनी स्वतःची खुर्ची दादांकडे सरकवली. दादा टोकावर बसले. "दिवा किती वाजता लावायचात?"

"पाळी बाराला सुटती साहेब. सायकलनं पंधरा मिनटं. हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, जेवायचं. मंग एकेक डबा बघायचा. एकच्या ठोक्याला दिवा बंद."

"रोज?"

"आषाढापासनं रोज."

"सुट्टीच्या दिवशी?"

दादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "सुट्टीच्या दिवशी बी. सवय लागली व्हती, झोप नाय यायची. उठून दिवा लावायचो आन् बघत बसायचो. वाढत व्हतं ना ते, बरं वाटायचं बघायला."

गृहस्थांनी माझी वही ओढली आणि स्वतःच्या हातानं सगळं लिहून घेतलं, बारा, सव्वा बारा, एक. मी तिथंच उभी होते. पेन झपाझप चालत होतं. शेवटी दादांनाच राहवलं नाही.

"मंग साहेब, आता काय करायचं? दिवा लावायचा का नाय?"

"आता नाही," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पुढच्या पावसाळ्यात. निळ्यांतले निम्मे डबे दिव्याखाली, निम्मे झाकून. वेळ हीच ठेवायची, बारा ते एक."

पुढच्या पावसाळ्यात. सरांनी माझ्या दंडाला जोरात चिमटा काढला, तेव्हा कुठं ते शब्द माझ्या डोक्यात शिरले. दादांना मात्र त्यातलं काही कळलं नव्हतं. झाकायला गोणपाट चालेल का, एकपदरी की दुपदरी, असं ते विचारत होते, आणि गृहस्थ विचार करून उत्तर देत होते.

मला आता थांबवेना. सगळ्यांसमोर, नव्या साडीत, रडत मी म्हणाले, "दादा, माझं चुकलं हो."

"थांब गं जरा," दादा म्हणाले. "साहेब बोलतायत."